पिठाळ सफरचंदं टाकू नका, उकळा

मागच्या डिसेंबरात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना नांदेडहून मुदखेडला घरी आणलं आणि आठवडाभर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात सफरचंदांची पिशवी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं तर सफरचंदच न्यायचं, हे ठरलेलं. पाचव्या दिवशी मी सगळ्या पिशव्या परातीत रिकाम्या केल्या, तर सहा-सात किलो फळ निघालं. सासूबाईंना चावत नाही, पोरांना दोन दिवसांत कंटाळा येतो. वरून लालबुंद दिसणारी ती सफरचंदं आतून पिठाळ व्हायला लागली होती. चावा घेतला की करकर आवाज नाही, ओल्या भुशासारखा घास तोंडात विरघळायचा. असं फळ घरात कुणी खात नाही. ते चार दिवस फ्रिजच्या तळाशी पडून राहतं आणि मग म्हशीपुढे जातं.

त्याच आठवड्यात अमेरिकेत राहणाऱ्या नणंदेचा आईच्या चौकशीसाठी व्हिडिओ कॉल आला. ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे थंडी पडली की हेच उकळून पितात." तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात मराठी कुटुंबंही पोराबाळांसकट सफरचंदाच्या बागांत जातात, हातानं फळं तोडतात आणि येताना बागेतूनच सायडरचा कॅन घेऊन येतात. घरी आल्यावर त्यात दालचिनी-लवंग टाकून गरम करायचं, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे तो कॅन मिळत नाही, फळं दाबून रस काढायचं लाकडी यंत्रही नाही. आपल्याला फळापासूनच सुरुवात करावी लागते. मी त्या दिवशी ती केली, आणि गेला हिवाळाभर आमच्या घरात हा रस दर आठ-दहा दिवसांनी होत राहिला.

आधी नावाचा घोळ मिटवू. सायडर म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना मेडिकलच्या दुकानातली ॲपल सायडर व्हिनेगरची बाटली आठवते. ती वेगळी. सफरचंद दाबून काढलेला गढूळ, न गाळलेला रस म्हणजे अमेरिकेतलं साधं सायडर. तोच रस उबेला राहिला की त्यातली साखर यीस्ट खातं आणि तिची दारू होते. इंग्लंडमध्ये सायडर म्हणतात ते याला. ती दारू हवेशी आणखी काही आठवडे राहिली की दुसरे जिवाणू तिचं आम्ल करतात, ते झालं व्हिनेगर. एकाच रसाच्या या तीन अवस्था. आपल्याला पहिल्याच अवस्थेत थांबायचं आहे. रस आंबवायच्या भानगडीत पडू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि आपल्याला हवं आहे ते पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकत्र बसून प्यावं असं पेय.

आता फळ. आपल्या बाजारात येणारं सफरचंद बहुतेक काश्मीरचं, त्याखालोखाल हिमाचलचं. हिमाचलचा माल जुलै-ऑगस्टपासून येतो, काश्मीरचा सप्टेंबरपासून पुढे, आणि शीतगृहातला माल उन्हाळ्यापर्यंत हातगाड्यांवर दिसतो. यातली बरीचशी फळं डेलिशस जातीची असतात: गडद लाल, बुडाशी पाच उंचवटे असलेली. ही जात हिमाचलात रुजवली सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन माणसानं. तो १९०४ साली हिंदुस्थानात आला, शिमल्याजवळच्या कोटगढ भागात राहिला, असहकाराच्या चळवळीत तुरुंगात गेला, पुढे सत्यानंद स्टोक्स झाला. त्यानं आणलेल्या कलमांनी तिथल्या डोंगरी शेतकऱ्यांचं नशीब पालटलं. हे सांगायचं कारण रसाशी निगडित आहे. डेलिशस गोड असतं, पण त्याला आंबटपणा फार कमी. परदेशातल्या कृतींमध्ये आंबट आणि गोड अशा दोन-तीन जातींचं मिश्रण धरलेलं असतं. ती कृती जशीच्या तशी केली तर आपला रस नुसता गोड आणि सपक होतो. पहिल्या वेळी माझा तसाच झाला. आंबटपणा आपल्याला बाहेरून आणावा लागतो, त्याचं पुढे सांगते.

हिमाचलमधल्याच बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्यानं उष्ण हवेत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधून काढली. त्यासाठी २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. महाराष्ट्रातही काही शेतकऱ्यांनी ती लावली आहे. सपाट प्रदेशात तिची फळं ऐन उन्हाळ्यात येतात, म्हणून आपल्या थंडीतल्या रसाला ती उपयोगाची नाहीत. पण ओळखीच्या कुणाच्या शेतात असली तर रस काढून बर्फाच्या कप्प्यात ठेवता येईल.

या रसाला महागाचं, करकरीत फळ लागत नाही. पिठाळ झालेलं, मऊ पडलेलं, सालीला सुरकुत्या आलेलं, मार लागून डाग पडलेलं, सगळं चालतं. डागाचा भाग कापून टाकायचा. पण बुरशी लागलेलं फळ मात्र चालत नाही, आणि इथं मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. कुजक्या सफरचंदावर निळसर-हिरवी बुरशी धरते. तिच्यातून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं, आणि ते उकळल्यानं जात नाही. सफरचंदाच्या रसात ते किलोमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये, असा अन्न सुरक्षेचा नियम आहे. घरात ते मोजायला काही साधन नाही. तेव्हा फळ कापल्यावर गाभ्यात काळपट केसाळ बुरशी दिसली, वास कुबट आला, तर तेवढा भाग काढून बाकीचं वापरायचा मोह धरू नका. अख्खं फळ फेका. आणि असं फळ जनावरालाही घालू नका.

धुण्याचंही तसंच. सफरचंद चमकावं म्हणून त्यावर मेणाचा पातळ थर दिलेला असतो. नखानं हलकं खरवडलं की पांढरट भुगा निघतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि खरबरीत फडक्यानं चोळून काढा. देठाच्या खळग्यात माती असते, तिथं बोट घालून धुवा. वरची चिकटपट्टी आधीच काढून टाका. साल मात्र काढू नका, रसाचा रंग आणि निम्मी चव सालीत आहे.

भांडं स्टीलचं घ्या. आमच्याकडे जुनं पितळी भगुनं आहे, पंगतीचं, जाड बुडाचं, मंद आचेला फार चांगलं. पण त्याची कल्हई जागोजागी गेली आहे, आणि फळाच्या आम्लात पितळ उतरतं. अॅल्युमिनियमचंही तेच. त्यामुळे ते भगुनं कितीही साजरं वाटलं तरी या कामाला नको. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं सगळ्यात बरं.

प्रमाण दोन किलो सफरचंदांचं सांगते. मध्यम आकाराची बारा-तेरा फळं होतात. प्रत्येकाच्या चार फोडी करा. बिया काढून टाका. बी फुटलं की त्यातून थोडं सायनाइड तयार होतं. चार-दोन अख्ख्या बिया उकळल्या गेल्या म्हणून घाबरायचं कारण नाही, पण पुढे फोडी घोटायच्या आहेत, तेव्हा आधीच काढलेल्या बऱ्या. फोडी पातेल्यात घालून वर तीन लिटर पाणी ओता.

मसाल्यासाठी बोटाएवढे दालचिनीचे दोन तुकडे, पाच-सहा लवंगा, तीन वेलदोडे, आठ-दहा मिरे आणि इंचभर आलं. आलं ठेचून घ्या, वेलदोडे नुसते फोडून. हे सगळं मलमलच्या किंवा धुतलेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करा आणि दोरा लांब ठेवून पातेल्याच्या कानाला बांधा, म्हणजे हवी तेव्हा बाहेर काढता येते. मसाला अख्खाच घ्या. दालचिनीची पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते, घोटाघोटाला जिभेवर येते आणि गाळूनही जात नाही. लवंग मोजूनच घाला. दोन-चार जास्त पडल्या की रसाला दातदुखीच्या औषधाचा वास येतो आणि जीभ बधिर होते, मग वर काहीही घातलं तरी तो निघत नाही. आमच्या भागात आलेला पाहुणा काही उकळताना दिसलं की हमखास विचारतो, हळद घातली का? अर्धापूर-मुदखेडकडच्या माणसाला हे सुचणं साहजिक आहे, घराघरात हळद आहे. या रसात ती नको. फळाची चव मरते.

दालचिनीचं एक सांगून ठेवते. बाजारात जाड, कडक, झाडाच्या सालीसारखी दिसते ती कॅसिया. पातळ कागदासारखे पदर एकात एक गुंडाळलेले असतात ती श्रीलंकेची दालचिनी. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं. आठ-दहा दिवसांनी पेलाभर प्यायचं असेल तर दोन्ही चालतात. रोज पिणार असाल तर पातळवाली घ्या.

आता मोठ्या आचेवर एक उकळी आणा. उकळी आली की गॅस अगदी बारीक करा, झाकण बोटभर उघडं ठेवा आणि दीड ते दोन तास तसंच राहू द्या. अर्ध्या तासातच घरभर वास सुटतो. फोडी विरघळायला लागल्या की लाकडी रवीनं किंवा डावानं हलकेच घोटा, आणि आणखी अर्धा तास ठेवा. पाण्याचा रंग आधी फिका गुलाबी होतो, मग चहासारखा, मग गुळाच्या पाकासारखा तांबूस. तो तांबूस रंग आला की समजायचं झालं.

दोन तास गॅस जाळणं परवडत नाही असं कुणी म्हणेल, ते खरंच आहे. त्यासाठी कुकरचा उपाय आहे, पण तो नीट ऐका. सफरचंदं थेट कुकरमध्ये पाण्यात घालून शिट्ट्या काढू नका. शिजताना त्यांचा फेस होतो आणि तो शिट्टीच्या नळीत अडकला तर कुकर धोकादायक ठरतो. भाताच्या डब्यात फोडी निम्म्यापर्यंत भरा, वर वाटीभर पाणी, डब्यावर झाकण, आणि नेहमीसारखं कुकरच्या तळाशी पाणी. चार शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून वाफ आपोआप जिरू द्या. मग त्या मऊ फोडी पातेल्यात काढून पाणी आणि पुरचुंडी घालून अर्धा-पाऊण तास उकळल्या की काम होतं. चवीत थोडा फरक पडतो, मंद आचेची खोली येत नाही, तरी रोजच्या घरात मी हेच करते. ज्यांच्या अंगणात चूल आहे त्यांनी रात्रीचा स्वयंपाक झाल्यावर निखाऱ्यावर पातेलं ठेवावं. त्या रसाची बरोबरी गॅसवरच्याला नाही.

गाळण्याचं काम घाईचं नाही. मोठ्या गाळणीवर ओलं करून पिळलेलं पातळ फडकं पसरा आणि पळीपळीनं ओता. आपोआप गळेल तेवढा रस स्वच्छ निघतो. फडकं पिळलं की गढूळ निघतो, पण चवीला तोच दाट. मी पिळते. साधारण दोन ते अडीच लिटर रस हाती येतो.

यानंतर गोडी आणि आंबटपणा. आधी चमचाभर चाखा. फळ गोड असेल तर गूळ लागतच नाही. लागला तर गुऱ्हाळाचा तांबूस गूळ, लिंबाएवढा खडा, थोड्या रसात विरघळवून गाळून घाला, कारण त्यात बारीक कचरा असतोच. पांढऱ्या साखरेपेक्षा गूळ या रसाला शोभतो, मसाल्याशी त्याची जुनी ओळख आहे. आंबटपणासाठी मी तीन गोष्टी करून पाहिल्या. थंडीत आवळे स्वस्त म्हणून दोन आवळे फोडींसोबत उकळले, तर रस तुरट झाला, पोरांनी पेले तसेच ठेवले. चिंचेचा कोळ घातला, तर ते चिंचेचं सार झालं. लिंबू मात्र बरोबर बसलं. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळायचा, लिंबू उकळायचं नाही. नांदेडला आंबट हिरवी सफरचंदं मिळाली तर दोन किलोत तीन-चार ती मिसळा, मग लिंबाचंही काम नाही.

संत्र्याची साल घालायची पद्धत तिकडे आहे, आणि थंडीत आपल्याकडे नागपुरी संत्री असतातच. एका संत्र्याची साल धुऊन, आतला पांढरा पापुद्रा चमच्यानं खरवडून, शेवटची पंधरा मिनिटं रसात सोडा. जास्त वेळ राहिली तर कडवटते. जायफळ अगदी शेवटी, पेल्यात ओतल्यावर, किसणीवर दोनदा फिरवा. वास त्यातच आहे.

थोडाच हवा असेल, दोन-तीन पेले, तर उकळत बसू नका. किलोभर फळाच्या बिया काढून मिक्सरला लावा, फडक्यातून पिळा, साधारण अर्धा लिटर रस निघेल. तो काळपट होतो, त्याची काळजी करू नका, हवा लागली की सफरचंद काळवंडतंच. मग मसाला घालून वीस मिनिटं मंद उकळा. हा रस चवीला ताजा आणि दाट लागतो, पण तो कच्चा पिऊ-पाजू नका, विशेषतः पोरांना. १९९६ साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणूची लागण होऊन साठांहून जास्त लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. त्यानंतर तिकडे न तापवलेल्या रसाच्या बाटलीवर इशारा छापणं सक्तीचं झालं. जमिनीवर पडलेल्या फळाला शेणामातीतून हे जिवाणू लागू शकतात. आपण तर उकळतोच, त्यामुळे ती भीती राहत नाही.

उरलेला रस गार झाला की लगेच काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये. चार-पाच दिवस चांगला राहतो. बाहेर ठेवाल तर मराठवाड्याच्या थंडीत रात्र गार असली तरी दुपार तापते, आणि दुसऱ्या दिवशी रसावर बारीक बुडबुडे धरतात. बुडबुडे, फेस किंवा आंबूस वास आला की तो रस गेला. घट्ट झाकणाच्या बाटलीत तर मुळीच विसरू नका, आतल्या वायूनं बाटली फुटते. दिवसातून अनेकदा वीज जात असेल त्या घरांनी एकावेळी दीडच किलो करावा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवावा आणि लागेल तेवढे खडे काढून गरम करावेत.

फडक्यात राहिलेला चोथा फेकू नका. पुरणाच्या चाळणीतून तो चोळून काढा. साली वर राहतात, खाली गुळगुळीत गर येतो. त्यात पावपट गूळ घालून कढईत आटवा, पाणी सुटणं थांबलं की उतरवा. गरम पोळीवर तूप आणि हा गर, पोरं डब्यात मागून नेतात. बरणीत फ्रिजमध्ये आठवडा-दीड आठवडा टिकतो. वरच्या साली म्हशीला.

प्यायचा केव्हा? आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो. मुदखेडच्या शिवारात फुलांची शेती मोठी. फुलांची तोडणी पहाटेची, कारण बाजार आणि गाडी दोन्ही सकाळच्या. दव पडलेल्या फुलांत हात घालून तास-दीड तास काम केलेल्या बायकांची बोटं आखडून जातात. मी आमच्या शेतावर जाणाऱ्यांच्या थर्मासमध्ये दोनदा चहाऐवजी हा रस भरून दिला. तिसऱ्या वेळी त्यांनीच मागितला. संध्याकाळी हुरड्याच्या आगटीभोवतीही तो चालतो, फक्त हुरड्याआधी नको, गोडानं भूक मरते.

महाशिवरात्रीच्या सुमारास सफरचंद महाग व्हायला लागतं, आणि तेव्हाच बांधावरची कवठं पिकतात. हाच मसाला, हीच पुरचुंडी. कवठाचा गर मात्र उकळायचा नाही. मसाल्याचं पाणी आधी उकळून कोमट करायचं, त्यात गर आणि गूळ कुस्करून गाळायचं. कवठाला स्वतःचा आंबटपणा भरपूर, लिंबाची गरज नाही. खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो, पण त्याचा हंगाम महिन्याभराचा.

एक सावधगिरी राहिली. एका मोठ्या पेल्यात दीड-दोन सफरचंदांची साखर असते, आणि फळातला चोथा आपण काढून टाकलेला असतो. ज्यांना शुगर आहे त्यांनी फळ चावून खाणं चांगलं. घ्यायचाच तर बिनगुळाचा, चहाच्या कपाच्या निम्मा, आणि डॉक्टरांना विचारून. तान्ह्या बाळांना मसाल्याचा रस देऊ नका.

सासूबाईंना मी तो पहिल्यांदा दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्यांनी वासावरून विचारलं, "गुळवणी केलीस का गं?" आणि पेला दोन्ही हातांत धरून सगळा संपवला. तेव्हापासून कुणा आजाऱ्याला भेटायला जायचं असलं की मी सफरचंदांची पिशवी नेत नाही, थर्मास नेते. तुम्हीही नेऊन पाहा. फक्त निघायच्या आधी फोन करून विचारा, घरात कुणाला शुगर आहे का.